गैरहजेरीची नोंद

वसईच्या पश्चिम पट्ट्यातल्या एका चर्चच्या कार्यालयात मी काम करते. नेमणुकीच्या कागदावर ‘पॅरिश सेक्रेटरी’ असं लिहिलंय. प्रत्यक्षात नोंदवह्या, दाखले, मिस्सांचे हेतू, हॉलचं बुकिंग आणि या सगळ्याच्या वर चोवीस तासांचा मोबाइल. हा दिवस मार्चच्या पहिल्या शुक्रवारचा आहे. उपवासकाळ चालू आहे, पहिला शुक्रवार म्हणून आजाऱ्यांच्या भेटी आहेत आणि संध्याकाळी क्रुसाची वाट आहे. त्यात पहाटेच एक मयत झालं.

पहाटे ५.४०

मेसेज नातवाचा आहे. आजोबा रात्री अडीचला गेले, दफन आजच चार वाजता. सोबत फोटो, वय, आळीचं नाव, सगळं व्यवस्थित. ग्रुपवर टाका, एवढीच विनंती.

मी टाकत नाही. आधी फोन लावते. मयताचा मेसेज घरातल्या माणसाचा आवाज ऐकल्याशिवाय पुढे पाठवायचा नाही, हा आमच्या कार्यालयाचा नियम आहे. आणि त्या आवाजाला एकच गोष्ट विचारायची, सगळ्यांना कळलं का? नातू थांबतो. आत्या नालासोपाऱ्याला असते, तिला अजून सांगितलेलं नाही. ती सहाच्या लोकलने कामाला निघते. बाप गेल्याचं तिला डब्यात उभ्याने, चर्चच्या ग्रुपवरून कळायला नको. “आधी तिला सांग, मग मला सांग,” एवढं बोलून मी चहा ठेवते.

पूर्वी हे काम घंटा करायची. मयताची घंटा वेगळी वाजते, दोन ठोक्यांमध्ये लांब थांबून. शेतावर, वाडीत असलेला माणूस हातातलं काम सोडून विचारायचा, कोण गेलं? घंटा नाव सांगत नसे. नाव कळायला चार पावलं चालून कुणालातरी विचारावं लागे, आणि विचारायला गेलेला माणूस बहुधा तसाच त्या घरी पोचायचा. वसईच्या घंटांनी तसे बरेच प्रवास केलेत. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली तेव्हा इथल्या चर्चमधल्या घंटा देशावर गेल्या. भीमाशंकरला, मेणवलीला, नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात त्या आजही आहेत. आमच्या मनोऱ्यातली घंटा त्यांच्या मानाने नवी. ती आजही वाजते, पण ती वाजेपर्यंत बातमी कॅनडाला पोचलेली असते.

सहा वाजून दहा मिनिटांनी नातवाचा निरोप येतो, आत्याला सांगितलं. मग मी ग्रुपवर टाकते. मिनिटभरात जोडलेल्या हातांची रांग लागते. हात जोडणाऱ्यांपैकी कोण घरी जाईल, हे त्या रांगेवरून कळत नाही.

सकाळी ६.३०

मिस्सा सुरू होते आणि गायनमंडळाच्या बाजूला तिकाटण्यावर लावलेला मोबाइलही. रोजच्या मिस्सेचं हे यूट्यूब प्रक्षेपण २०२०पासूनचं. त्या मार्चमध्ये चर्च बंद झाली. २७ मार्चच्या संध्याकाळी पोप फ्रान्सिस पावसात भिजलेल्या, रिकाम्या सेंट पीटर्स चौकात एकटे उभे राहिलेले आम्ही घरोघरी पडद्यावर पाहिले. महाराष्ट्रातली प्रार्थनास्थळं दिवाळीच्या पाडव्याला, १६ नोव्हेंबरला उघडली. दुसऱ्या लाटेत परत बंद झाली ती २०२१च्या ७ ऑक्टोबरपर्यंत. तेवढ्या काळात फादरांनी लेन्सकडे बघून प्रवचन करायची सवय लावून घेतली आणि लोकांनी सोफ्यावर बसून उत्तरं द्यायची.

चर्च उघडलं, पण तिकाटणं निघालं नाही. रोज सकाळी तीस-चाळीसजण त्यावर असतात. काही अंथरुणाला खिळलेले, काही रात्रपाळीहून परतणारे, काही परदेशी गेलेले. काही अगदी धडधाकट, चर्चपासून हाकेच्या अंतरावरचे. त्यांचाही आकडा त्यातच धरला जातो.

कॅथलिक ख्रिस्तसभेला पडद्याचं वावडं कधीच नव्हतं. व्हॅटिकनचं आकाशवाणी केंद्र १९३१ साली खुद्द मार्कोनीने उभारून दिलं. आजारपणात खोलीच्या भिंतीवर मिस्सा दिसली असं जिच्याबद्दल सांगतात, त्या असिसीच्या संत क्लेअरला १९५८ साली टेलिव्हिजनची आश्रयदाती ठरवण्यात आलं. व्हॅटिकनची वेबसाइट १९९५ची आहे. एक रेघ मात्र २००२ सालीच आखून ठेवलेली आहे. त्या वर्षी इंटरनेटविषयी निघालेल्या व्हॅटिकनच्या दस्तऐवजात स्पष्ट म्हटलंय, की इंटरनेटवर साक्रामेंत, म्हणजे पवित्र संस्कार, होत नाहीत. प्रार्थना होते, शिकवण होते, बातमी पोचते. भाकर मात्र हातात किंवा जिभेवरच घ्यावी लागते.

सकाळी ८.००

कार्यालय उघडायच्या आधी मोबाइल झाडून घेते. रात्रीत साचलेला केर तीन प्रकारचा असतो.

पहिला, ही प्रार्थना दहाजणांना पाठवा, सायंकाळपर्यंत चमत्कार दिसेल. याला मी एकच उत्तर देते: देव फॉरवर्ड मोजत नाही. दुसरा, पोपच्या तोंडी घातलेली वाक्यं. २०२३च्या मार्चमध्ये पोप फ्रान्सिस फुगीर पांढऱ्या जाकिटात फिरताना दिसले होते, ते चित्र कृत्रिम बुद्धिमत्तेने केलेलं होतं. निदान ते पाहून हसता आलं. आता पोप लिओंचा चेहरा आणि आवाज लावलेली अख्खी भाषणं येतात आणि आमच्या आळीतले शिकलेसवरलेले लोक ती “अवश्य ऐका” म्हणून पाठवतात. तिसरा प्रकार सर्वांत वाईट. फादरांचा फोटो लावलेल्या अनोळखी नंबरावरून “मी मीटिंगमध्ये आहे, एका गरीब रुग्णासाठी तातडीने पैसे हवेत” असा निरोप येतो. फादरांवरचा विश्वास पिढ्यांनी साठवलेला आहे, तो उपसायला चोराला एक फोटो पुरतो. म्हणून फलकावर कायमची पाटी लावली आहे: चर्च मेसेजवरून पैसे मागत नाही. खात्री करायची तर कार्यालयात या.

मग आठवड्याचं पत्रक जुळवायला बसते. वाचनं, हेतू, लग्नाच्या सूचना. मोबाइलवर पाऊण तासाचं काम. अशा वेळी मला केडगावच्या मुक्ती मिशनमधल्या बायका आठवतात. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणलं आणि त्यांच्या आश्रमातल्या बायकांनी छापखान्यात त्याची छपाई केली. रमाबाई १९२२ साली गेल्या, पुस्तक १९२४ साली बाहेर आलं. ज्यांना घरानं टाकलं होतं, त्यांच्या हातून तो अख्खा ग्रंथ उभा राहिला. आज तेच शास्त्र फुकटात फोनवर उतरतं. मुलांना हवी ती ओवी क्षणात सापडते. तिच्या आधी काय घडलं होतं, हे विचारलं की ती पुन्हा फोनच उघडतात.

सकाळी ९.१५

धाकट्या फादरांबरोबर आजाऱ्यांच्या भेटीला निघते. त्यांच्या गळ्यात कापडी पिशवीत लहानशी डबी, त्यात ख्रिस्तशरीर. माझ्या हातात यादी. यादी कागदावर असते, कारण प्रत्येक नावापुढे मी पेन्सिलीने लिहिते: कान जड, मागच्या दाराने जा, सून दुपारी घरी.

तिसरं घर एका म्हाताऱ्या बायचं. नव्वदीला टेकलेली, लाल लुगडं, गळ्यात जपमाळ. कंबरेचं हाड मोडल्यापासून ती घराबाहेर पडलेली नाही. रोज सहा वाजता उठून तोंड धुते, डोक्यावर पदर घेते, मेणबत्ती लावते आणि तांदळाच्या डब्याला टेकवलेल्या मोबाइलसमोर बसते. नातसून लिंक लावून देते. ती प्रत्येक उत्तर मोठ्याने म्हणते, उभं राहायच्या जागी खुर्चीचा हात धरून अर्धी उठते. पडद्यावरची मिस्सा खोटी, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा हिच्या शेजारी बसावं.

ख्रिस्तशरीर घेऊन झाल्यावर ती थोडा वेळ डोळे मिटून राहते. मग फादरांना म्हणते, “तुम्ही मला रोज दिसता, फादर. मी तुम्हाला दिसते का?”

फादर तरुण आहेत, पण हुशार. “नाही दिसत, आजी. म्हणून तर आलो.”

पुढच्या घराच्या वाटेवर, केळीच्या बागांमधून जाताना, आम्ही दोघं काही बोलत नाही. पडद्याबद्दल व्हॅटिकनने लिहिलेलं सगळं मी वाचलेलं आहे. या बाईने सगळं एका प्रश्नात आणलं. चर्चमध्ये ती डाव्या हाताच्या चौथ्या बाकावर, खांबाच्या कडेला बसायची. एखाद्या रविवारी ती नसली, की मागची बाई मिस्सा संपल्यावर तिच्या घरावरून जायची. यूट्यूबवर ती नसेल, तर एकेचाळीसचे चाळीस होतात.

सकाळी १०.४५

कार्यालयात रांग आहे. कॅनडाला निघालेल्या एका मुलाला बाप्तिस्म्याचा दाखला हवाय, पुढे तिथे लग्न ठरलं तर लागेल म्हणून. एका जोडप्याला लग्नाच्या सूचना लावायच्या आहेत. एकाला हॉल हवाय. हॉलचं बुकिंग ऑनलाइन झाल्यापासून भांडणं थांबली, याबद्दल मी संगणकाचे मनापासून आभार मानते.

दाखल्यासाठी आलेला मुलगा विचारतो, “मॅडम, हे सगळं डेटाबेसमध्ये टाकून क्यूआर कोड का देत नाही?” शोधायची यादी संगणकावर आहेच, त्याचा दाखला दोन मिनिटांत सापडतो. पण मूळ वही मी त्याला उघडून दाखवते. १९८३च्या धर्मसंहितेचा ५३५वा नियम सांगतो, की प्रत्येक धर्मग्रामाने बाप्तिस्मा, विवाह आणि मृत्यू यांच्या वह्या ठेवायच्या. लग्न जगात कुठेही झालं, तरी तिथल्या चर्चने बाप्तिस्मा झालेल्या चर्चला कळवायचं, आणि आम्ही त्या माणसाच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीशेजारी समासात ते लिहायचं. म्हणजे बाळपणीच्या त्या एका ओळीच्या कडेला माणसाचं आयुष्य जमत जातं. दृढीकरण, लग्न, कुणी धर्मगुरू झाला तर तेही. खोटं बोलून दुसरं लग्न करायला निघालेल्याला हा समास अडवतो.

वहीत एक चूक खोडलेली आहे, बाजूला फादरांची सही. खोडलेलं वाचता येतं. “आमच्या संगणकावर दुरुस्ती केली की आधीचं काय होतं ते दिसत नाही,” मी सांगते. तो वाकून स्वतःची नोंद वाचतो. धर्मपिता म्हणून ज्याचं नाव आहे, तो काका आज पहाटे गेला. हे त्याला ठाऊक होतं, त्या घरावरूनच तो आला होता. पण आपल्या नावाशेजारी त्याची सही त्याने पहिल्यांदाच पाहिली.

नंतर हिशेबनीस येतात. चर्चच्या दारात क्यूआर कोड लावल्यापासून दान वाढलंय. दुकानात असतो तसा बोलका डबा लावावा, अशीही कुणी सूचना केली होती. म्हणजे अर्पणविधी चालू असताना भिंतीवरून आवाज, पाचशे रुपये प्राप्त झाले! उजव्या हाताने दिलेलं डाव्याला कळू नये असं शिकवणाऱ्या येशूच्या घरात तो डबा काही बसला नाही. एक गोष्ट मात्र गुपचूप बदलली आहे. थाळीत पडणाऱ्या नोटेवर नाव नसायचं. आता बँकेच्या उताऱ्यात प्रत्येकाचं नाव येतं, म्हणजे कुणाचं येत नाही हेही कळतं. हिशेबनिसांनी तशी यादी कधी काढलेली नाही. काढू नये, असं मी त्यांना पुन्हा सांगते. काही गैरहजेऱ्या चर्चला माहीत नसलेल्याच बऱ्या.

दुपारी १२.००

घंटा वाजते. आमचे जुने लोक अजून जागच्या जागी थांबून देवदूताची प्रार्थना म्हणतात. मीही उभी राहते, आणि तेवढ्यात फोन वाजतो. प्रार्थना पुरी करून उचलते.

अबुधाबीहून आमचीच एक मुलगी, नर्स. रात्रपाळी करून आली आहे, झोप लागत नाही. फोनवर पापनिवेदन करता येईल का, असं विचारते. मला उत्तर माहीत आहे. नाही. २०११ साली अमेरिकेत पापनिवेदनाच्या तयारीसाठी एक अॅप निघालं, तेव्हा व्हॅटिकनच्या प्रवक्त्याने लगेच खुलासा केला होता, की धर्मगुरूसमोर बसण्याला ते पर्याय नाही. पण ‘नाही’ एवढंच सांगून फोन ठेवायला मी काही अॅप नाही. मोठ्या फादरांकडे जोडून देते.

वीसेक मिनिटांनी फादर बाहेर येतात. काय बोलणं झालं ते मी विचारत नाही. ते एवढंच सांगतात, की तिला तिथल्या सेंट जोसेफ चर्चमध्ये जायला सांगितलंय आणि ती उद्या जाणार आहे. क्षमा फोनवरून देता येत नाही. तिथवर जायचं बळ मात्र फोनवरून देता येतं, आणि त्या मुलीला तेवढंच हवं असावं.

दुपारी १.१५

डबा. शुक्रवारी मटण वर्ज्य, मासळी चालते. समुद्रकाठच्या वसईकराला बोंबील खाऊन उपवास घडतो, यावर आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या विनोद चालत आलाय. म्हणून हल्ली धर्मशिक्षणाच्या वर्गात मुलांना विचारतात, खरंच सोडवत नाही असं काय आहे? बहुतेकांचं उत्तर एकच, रील्स.

कल्पना नवी नाही. २०२०च्या राख-बुधवारी पोप फ्रान्सिस यांनी सांगितलं होतं, की उपवासकाळ हा मोबाइलपासून सुटून शुभवर्तमानाशी जोडून घेण्याचा काळ आहे. त्याच्या आधी २०१७मध्ये त्यांनी विचारलं होतं, की बायबलला आपण मोबाइलसारखं वागवलं तर काय होईल. विसरल्यावर परत घरी धावलो, दिवसातून अनेकदा उघडलं, तर?

माझ्या भाच्याने चाळीस दिवस इन्स्टाग्राम सोडलंय. मात्र राख-बुधवारपासून पुनरुत्थानाच्या सणापर्यंत मोजले तर दिवस शेहेचाळीस भरतात, कारण मधले सहा रविवार उपवासात धरत नाहीत, हा शोध त्याने स्वतः लावला. त्यामुळे तो रविवारी आठवड्याभराचं पाहून घेतो. पंचांगाचा एवढा बारीक अभ्यास आमच्या घरात कुणी केला नव्हता.

दुपारी ४.००

मयताची मिस्सा. गेलेल्या माणसाचा थोरला मुलगा दोह्यात आहे. रविवारच्या आधी तो पोचू शकत नव्हता. थांबायचं की नाही, हे त्याच्या आईने ठरवलं. “त्याला मोबाइलवर दाखवा. बर्फात ठेवायचे नाहीत त्यांना.” आईपुढे कुणी बोललं नाही.

दोह्यात २००८पासून चर्च आहे. बाहेरून त्यावर क्रूस दिसत नाही, घंटाही नाही, पण आत जगभरचे लोक असतात. तिकडे सुट्टीचा वार शुक्रवार, म्हणून रविवारच्या मिस्सेची गर्दीही शुक्रवारीच होते. मुलगा सकाळी तिथे मिस्सेला गेला होता, बापाचं नाव हेतूत दिलं होतं. आमचे चार म्हणजे त्याचे दीड. टोरांटोच्या नातीकडे नुकतीच पहाट होत होती.

प्रक्षेपण सांभाळणाऱ्या पोरांना माझ्या तीन सूचना असतात. चेहऱ्यावर झूम नको. रडणाऱ्या बायकांवर कॅमेरा नको. प्रतिक्रिया बंद. दुःख हे चित्रीकरणाचं साहित्य नाही. पोरं ऐकतात. शवपेटी वेदीसमोर आणि कॅमेरा तिच्यावर स्थिर.

मिस्सा अर्ध्यावर आली तशी माझ्या फोनवर दोह्याहून ओळ आली: “मावशी, कॅमेरा जरा लोकांकडे फिरवायला सांगता का? कोण कोण आलंय बघू दे.”

मी पोराला खूण केली. कॅमेरा सावकाश बाकांवरून फिरला. सहकारी सोसायटीतले म्हातारे, पानवेलीच्या वाडीतला गडी, शाळेतले मित्र, सकाळी दाखला न्यायला आलेला तो मुलगा. मग दफनभूमीत प्रत्येकाने मूठ मूठ माती टाकली. दोह्यातल्या मुलाच्या भाच्याने एक मूठ टाकली, थांबला, मामाच्या नावाने दुसरी टाकली आणि कॅमेऱ्याकडे पाहिलं.

सगळं झाल्यावर दोह्याहून फोन. आवाज बसलेला. आभार मानले, आणि मग, “शेजारचे काका दिसले नाहीत.” दोन घरांत बांधावरून जुना वाद आहे, आळीला ठाऊक आहे. मी सांगितलं, “ते दिसणार नाहीत. दुपारपासून खड्ड्याशी होते. माती ओढायला तेच उभे होते, कॅमेऱ्याच्या मागे.” पलीकडे बराच वेळ शांतता. मग तो म्हणाला, “बरं झालं सांगितलंत.”

सकाळपासून डोक्यात घोळत असलेल्या गोष्टीला इथे मला दुरुस्ती करावी लागली. गैरहजेरी पडद्यातूनही कळते. समुद्रापलीकडून, पाच इंची काचेवर, शेकडो माणसांत एक माणूस नाही हे त्याला कळलं, कारण तो त्या आळीचा आहे. आणि तो माणूस का दिसत नाही हे सांगायला इकडे कुणीतरी होतं. अंतरामुळे फार बिघडत नाही. आपल्याला कुणी शोधणारं उरलं नाही, की बिघडतं.

संध्याकाळी ६.३०

क्रुसाची वाट. चौदा स्थानं, भाविक भिंतीकडे वळत वळत पुढे सरकतात. प्रार्थनेच्या पुस्तिका कमी पडतात, म्हणून दारात क्यूआर कोड आहे. दिवे मंद झाले की निम्मे चेहरे निळे दिसू लागतात. धर्मगुरू वेदीवरून हृदयं उंच करा म्हणतात, मोबाइल उंच करा म्हणत नाहीत, असं पोप फ्रान्सिस यांनी २०१७मध्ये सुनावलं होतं. त्यात धर्मगुरू आणि महागुरूंचाही उल्लेख होता. पण मोतीबिंदू झालेल्या माझ्या शेजारणीला अक्षरं मोठी करून वाचता येतात, ती मोबाइलमुळेच. पुस्तिका तिने कधीच बाजूला ठेवली होती. आमच्याकडे एक सोपा नियम चालतो. मजकूर वाचा, फोटो नको. सातव्या स्थानाशी कुणाचातरी फोन वाजतो. येशू दुसऱ्यांदा पडतो ते स्थान. वाजवणारा चाचपडतो, बाकीचे खाली बघतात. हे आता विधीचाच भाग झालंय.

रात्री ७.४५

धर्मग्राम मंडळाची बैठक. विषय एकच, प्रक्षेपण चालू ठेवायचं की बंद करायचं.

बंद करा म्हणणाऱ्यांचं म्हणणं, लोक चहा पीत रविवारची मिस्सा ‘बघतात’. चालू ठेवा म्हणणाऱ्यांचं म्हणणं, आजचं दफन बंद दाराआड झालं असतं तर? एक तरुण कार्यकर्ता पुढचं सुचवतो. प्रश्नांची उत्तरं द्यायला चॅटबॉट लावूया, प्रवचनाचा सारांश कृत्रिम बुद्धिमत्तेने करूया. मिस्सेच्या वेळा सांगायला यंत्र लावलं तर माझी तक्रार नाही, माझे निम्मे फोन वाचतील. पण मोठे फादर पोप लिओंची गोष्ट सांगतात. त्यांची कृत्रिम प्रतिकृती करायची परवानगी कुणीतरी मागितली होती, म्हणजे कुणालाही घरबसल्या पोपची भेट घेता आली असती. त्यांनी ती नाकारली.

मग मी बोलते. बंद करू नका. पण लिंक सगळ्या ग्रुपवर ओतण्याऐवजी नावानिशी द्या. अंथरुणावरच्यांना, रात्रपाळीवाल्यांना, परदेशातल्या घरच्यांना. आणि यादीतल्या प्रत्येक नावासमोर त्याच आळीतल्या एका माणसाचं नाव लिहा. त्याने आठवड्यातून एकदा त्या घरी जायचं.

तरुण कार्यकर्त्याचा चेहरा उजळतो. “मावशी, ते सोपं आहे. कोण किती मिनिटं पाहतं, कोण आलं नाही, सगळं अॅपमध्ये आपोआप दिसेल. दोन आठवडे नाही आलं, तर अलर्ट.”

मी नाही म्हणते. तो चक्रावतो, मीच तर नोंद ठेवा म्हणत होते. मी त्याला समजावते. कोण आलं नाही हे शेजाऱ्याला कळलं, तर त्याला जाऊन विचारावं लागतं. यंत्राला कळलं, तर ते लिहून ठेवतं आणि आपण ती यादी पुढच्या बैठकीत वाचतो. दुसरं असं, की चर्चने कुणाच्या प्रार्थनेची मिनिटं मोजू नयेत. दानाच्या उताऱ्याचं सकाळी जे म्हटलं, तेच इथे.

वाद लांबतो. शेवटी मोठे फादर निर्णय देतात. प्रक्षेपण राहील, लिंक नावानिशी जाईल, यादी कागदावर आळीवार निघेल. तरुण कार्यकर्त्याला तिची प्रत संगणकावर ठेवायची मुभा, मिनिटं मोजायची नाही. तो थोडा खट्टू होतो. मग स्वतःच म्हणतो, की पानवेलीच्या आळीतली तीन घरं माझ्याकडे द्या.

रात्री ९.३०

उद्याची कामं लिहून ठेवते. मयताच्या वहीत आजची नोंद करायची आहे. तिथे दोह्याचा उल्लेख येणार नाही, वहीत दफन कुठे झालं आणि कुणी विधी केला एवढंच विचारतात. कॅनडावाल्याचा दाखला सहीला ठेवायचा आहे. आजाऱ्यांच्या यादीतल्या त्या बायच्या नावापुढे चौथ्या बाकाच्या मागे बसणाऱ्या बाईचं नाव मी आत्ताच लिहून टाकते.

उरलेली नावं कशी भरायची, तेही ठरवलंय. उद्या शनिवार, दुपारी धर्मशिक्षणाचे वर्ग आहेत. मोबाइल बाजूला ठेवून मुलांना आळीवार बसवीन आणि विचारीन, तुमच्या शेजारी कोण आहे, जे घराबाहेर पडत नाही? इन्स्टाग्राम सोडलेला माझा भाचाही त्यात असेल. रविवार किती ते त्याने बरोबर मोजले. बघू, शेजारची माणसं मोजता येतात का.